वजन उतरलं, भूक का उतरली नाही?

प्रश्न असा आहे: "दोन वर्षांपूर्वी आहार सांभाळून आणि रोज चालून मी १४ किलो वजन कमी केलं. ते अजून बऱ्यापैकी टिकून आहे. पण भूक पूर्वीपेक्षा वाढली आहे. जेवून उठल्यावर तासाभरात पुन्हा खाण्याचेच विचार सुरू होतात. डॉक्टर म्हणाले, हे मेंदूतल्या न्यूरोपेप्टाइडांचं आणि त्यांच्या रिसेप्टरांचं काम आहे. म्हणजे नेमकं काय? भुकेचं एखादं रसायन असेल तर ते बंद करणारी गोळी का नाही? आणि हीच रसायनं झोप, रक्तदाब, पाळी यांवरही चालतात असं वाचलं. मग त्यांच्यात ढवळाढवळ करणं धोक्याचं नाही का?"

सुरुवातीलाच सांगते, तुमची भूक खरी आहे. हे मनाचे खेळ नाहीत आणि जिभेचे चोचलेही नाहीत. संप्रेरकांच्या विकारांवर उपचार करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, आणि या काळात हे वाक्य किती जणांना सांगितलं याची गणती नाही. वजन कमी करून दाखवलेली माणसंसुद्धा समोर बसतात ती मान खाली घालून. "माझाच ताबा राहत नाही" म्हणतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ज्या पेशींच्या हाती हा ताबा असतो त्या आपल्या निश्चयाला विचारून काम करत नाहीत.

२०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकांचा आहार दिला. वजन सरासरी साडेतेरा किलो उतरलं, म्हणजे जवळजवळ तुमच्याइतकंच. रक्तातलं लेप्टिन (चरबीच्या पेशींतून येणारं संप्रेरक) घटलं, घ्रेलिन (जठरातून येणारं भुकेचं संप्रेरक) वाढलं, जेवणानंतर तृप्ती आणणारी पेप्टाइडं कमी झाली. इथवर अपेक्षितच होतं. पण वर्षभराने पुन्हा तपासलं तेव्हाही यातले बरेच आकडे मूळ जागी आलेले नव्हते आणि लोक सांगत होते की भूक सुरुवातीपेक्षा जास्त लागते. तुमची तक्रारही नेमकी हीच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. न्यूरोपेप्टाइड म्हणजे चेतापेशींनी बनवलेली अमिनो आम्लांची छोटी साखळी. थायरॉइडला चालना देणारं टीआरएच अवघ्या ३ अमिनो आम्लांचं असतं, ऑक्सिटोसिन ९ चं, आणि भुकेच्या संदर्भात ज्याचं नाव हटकून निघतं ते न्यूरोपेप्टाइड वाय ३६ अमिनो आम्लांचं. चेतापेशी एकमेकींशी बोलायला ग्लुटामेटसारखी साधी रसायनंही वापरतात, पण त्यांची रीत वेगळी आहे. ती चेतातंतूच्या टोकाशीच तयार होतात, सेकंदाच्या हजाराव्या भागात शेजारच्या पेशीवर पोचतात आणि लगेच परत उचलली जातात. पेप्टाइडाचं तसं नाही. ते पेशीच्या मुख्य भागात तयार होतं, पुड्यांत भरलं जातं, तंतूतून वाहून नेलं जातं आणि पेशी काही वेळ जोरात पेटून राहिली तरच मोठ्या प्रमाणावर सुटतं. एकदा सुटलं की ते परत घेण्याची सोय नसते. विकरं त्याचे तुकडे करेपर्यंत ते आजूबाजूला पसरत राहतं. साधं रसायन म्हणजे कानात सांगितलेली गोष्ट आणि पेप्टाइड म्हणजे दवंडी. दवंडी दूरवर जाते, तिचा परिणाम क्षणात संपत नाही, मिनिटंच काय तासही टिकू शकतो, आणि ती सगळ्यांच्या अंगावरून गेली तरी ज्याला तिच्यासाठी कान आहेत तोच हलतो.

हे कान म्हणजे रिसेप्टर, मराठीत ग्राही. न्यूरोपेप्टाइडांचे बहुतेक ग्राही एकाच मोठ्या घराण्यातले आहेत. पेशीच्या आवरणातून सात वेळा आतबाहेर विणलेलं हे एक प्रथिन असतं. बाहेरून पेप्टाइड चिकटलं की त्याचा आकार किंचित बदलतो आणि आतल्या बाजूचं जी-प्रथिन जागं होतं. पुढे काय होईल ते ग्राहीबरोबर कोणतं जी-प्रथिन जोडलेलं आहे यावर अवलंबून. एका जातीचं असेल तर पेशी उत्तेजित होते, दुसऱ्या जातीचं असेल तर शांत. म्हणून "हे पेप्टाइड काय करतं?" हा प्रश्न मला नेहमी अपुरा वाटतो. कुठल्या ग्राहीवर आणि कुठल्या पेशीत, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. व्हॅसोप्रेसिनचं उदाहरण घ्या. मूत्रपिंडातल्या व्ही-२ ग्राहीवर बसलं तर ते पाणी वाचवतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या व्ही-१ ग्राहीवर बसलं तर वाहिनी आकुंचन पावते. रेणू तोच असतो, पण एका जागी लघवी कमी होते आणि दुसऱ्या जागी रक्तदाब वाढतो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. पण मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण पीओएमसीचं आहे. त्याच्यावर जरा थांबते, कारण भुकेचं बरचसं गणित त्यातूनच उलगडतं.

पीओएमसी हे एक लांबलचक प्रथिन आहे. ते स्वतः फारसं काही करत नाही. पेशीतली विकरं ठरावीक जागी त्याचे तुकडे करतात आणि काम ते तुकडे करतात. पिट्यूटरी ग्रंथीच्या पुढच्या भागात त्यातून ३९ अमिनो आम्लांचं एसीटीएच निघतं. ते मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडायला लावतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या पेशींत विकरांचा संच वेगळा आहे, त्यामुळे तिथे हेच एसीटीएच आणखी कापलं जाऊन १३ अमिनो आम्लांचं अल्फा-एमएसएच तयार होतं, जे भूक आवरतं. त्याच प्रथिनाच्या शेपटाकडून बीटा-एंडॉर्फिन निघतं, शरीराचं स्वतःचं वेदनाशामक. तागा एकच, बेतणारे शिंपी वेगळे.

या तुकड्यांसाठी मेलॅनोकॉर्टिन ग्राहींचे पाच प्रकार आहेत. पहिला त्वचेत आणि केसांच्या मुळाशी असतो आणि काळसर रंगद्रव्य बनवायला सांगतो. दुसरा अधिवृक्क ग्रंथीत, फक्त एसीटीएचला ओळखणारा. तिसरा आणि चौथा मेंदूत, ऊर्जेच्या हिशेबाशी जोडलेले. यातला चौथा, एमसी-४, हा भुकेच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा. १९९८ साली पीओएमसी बनवूच न शकणाऱ्या दोन मुलांचं वर्णन प्रसिद्ध झालं. केस तांबडे, कॉर्टिसॉलचा पत्ता नाही आणि भूक न शमणारी. तीन वेगवेगळे आजार वाटावेत अशी ही लक्षणं, पण मुळाशी एकच प्रथिन गैरहजर. (ज्या घराण्यांत केस मुळातच गडद काळे असतात तिथे अशा मुलाचे केस काळे किंवा तपकिरी राहू शकतात. तांबडे केस दिसले नाहीत म्हणून निदान बाजूला ठेवू नये, हे मी तरुण डॉक्टरांना आवर्जून सांगते.)

याच ग्राहीशी जोडलेला एक पिवळा उंदीर प्राणिशास्त्राला फार जुना माहीत आहे. तो पिवळा असतो आणि जन्मभर लठ्ठ होत जातो. त्याच्या शरीरात अ‍ॅगुटी नावाचं प्रथिन नको तिथेही तयार होतं. त्वचेत ते एमसी-१ अडवतं म्हणून रंग पिवळा, मेंदूत एमसी-४ अडवतं म्हणून भूक अनावर. मग १९९७ साली कळलं की मेंदूत अ‍ॅगुटीचा एक सख्खा भाऊ स्वाभाविकपणेच असतो आणि त्याचं काम नेमकं हेच आहे. त्याचं नाव एजीआरपी. तो एमसी-४ ची जागा अडवतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. एमसी-४ हा ग्राही कुणी चिकटलेलं नसतानाही थोडाफार चालू असतो, दार किलकिलं राहावं तसा. एजीआरपी ते किलकिलं दारही लावून घेतो. म्हणजे एका ग्राहीवर दोन विरुद्ध हुकूम चालतात: अल्फा-एमएसएच म्हणतं "पुरे", एजीआरपी म्हणतं "अजून". असा एकाच ग्राहीसाठी नैसर्गिक चालक आणि नैसर्गिक विरोधक असण्याचा प्रकार शरीरात फार विरळा आहे.

एमसी-४ च्या जनुकातला दोष हे एकाच जनुकामुळे येणाऱ्या स्थूलतेचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे. ही मुलं लहानपणापासून जास्त खातात, उंचही होतात. आणि त्यांचा रक्तदाब त्यांच्या वजनाच्या मानाने कमी असतो. २००९ साली हे नीट दाखवलं गेलं, आणि त्यातून एक गोष्ट कळली जी गोळ्या बनवणाऱ्यांसाठी फार महाग ठरली: हाच ग्राही सिंपथेटिक चेतासंस्थेमार्फत रक्तदाबही वर ठेवतो. भूक मारायला तो चालू करावा, तर रक्तदाब चढण्याची भीती.

आता या पेशी राहतात कुठे? मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये. १९४० साली हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसचा मधला भाग निकामी केला तेव्हा ते प्रचंड लठ्ठ झाले. १९५१ साली बाळकृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी येल विद्यापीठात बाजूचा भाग निकामी केला, तर प्राण्यांनी खाणंच सोडलं. त्यावरून मेंदूत एक "भूक केंद्र" आणि एक "तृप्ती केंद्र" असतं अशी मांडणी झाली आणि आम्ही शिकत असताना हीच पाठ केली. ती चूक होती असं मी म्हणणार नाही, पण त्या काळी जागा दिसत होत्या, पेशी दिसत नव्हत्या.

त्या पेशी आता दिसतात. आर्क्युएट नावाच्या चेतापेशींच्या एका चिमुकल्या पुंजक्यात दोन गट शेजारी शेजारी नांदतात. एक पीओएमसीचा, दुसरा एजीआरपी बनवणाऱ्यांचा. दुसऱ्या गटातली प्रत्येक पेशी एकाच वेळी तीन रसायनं बाळगून असते: गाबा (शेजारच्या पेशींना शांत करणारं साधं रसायन), न्यूरोपेप्टाइड वाय आणि एजीआरपी. गाबा आणि न्यूरोपेप्टाइड वाय यांच्यामुळे खाण्याची ओढ लगेच सुरू होते; एजीआरपीचा असर हळू चढतो आणि रेंगाळतो, एका मात्रेनंतर काही दिवससुद्धा. थोडक्यात, "आत्ता खा" आणि "पुढचे काही दिवस जास्त खात राहा" हे दोन्ही निरोप त्याच पेशीतून निघतात. तुमच्या बाबतीत जो जागा आहे तो हा दुसरा, रेंगाळणारा निरोप.

२०११ साली उंदरांतल्या या एजीआरपी पेशी प्रकाशाने चेतवण्याचा प्रयोग झाला. पोटभर खाऊन बसलेले उंदीर काही मिनिटांत अधाशासारखे खायला लागले. त्याआधी २००५ मध्ये याच पेशी प्रौढ उंदरांत नष्ट करून पाहिल्या होत्या. ते उंदीर अन्न समोर असून उपाशी राहिले. नवजात पिल्लांत नष्ट केल्या तर मात्र मेंदूने दुसरी वाट शोधली आणि ती पिल्लं तगली. मला यातला २०१५ चा निष्कर्ष सगळ्यात विलक्षण वाटतो. भुकेल्या उंदराला अन्न नुसतं दिसलं की या पेशी गप्प होतात, पहिला घास पोटात जाण्याच्याही आधी. खायला मिळालंच नाही तर पुन्हा बोलू लागतात. म्हणजे या पेशी पोटाचा रिकामेपणा मोजत बसत नाहीत, पुढे काय येणार याचा अंदाज बांधतात.

हा अंदाज बांधायला बाहेरून खबर लागते. ती दोन तऱ्हेची असते: साठ्याची आणि आत्ताच्या जेवणाची.

साठ्याची खबर लेप्टिन आणतं. डग्लस कोलमन यांनी दोन जातींचे लठ्ठ उंदीर निरोगी उंदरांशी शस्त्रक्रियेने जोडून रक्ताची देवाणघेवाण घडवली. एका जातीचा लठ्ठ उंदीर निरोगी जोडीदाराच्या रक्ताने कमी खाऊ लागला. दुसऱ्या जातीचा तसाच राहिला, पण त्याचा निरोगी जोडीदार उपाशी मेला. कोलमन यांचा तर्क असा, की पहिल्याला निरोप बनवता येत नाही आणि दुसऱ्याला तो ऐकू येत नाही. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने तो निरोप शोधला, चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन. दुसऱ्याच वर्षी त्याचा ग्राही सापडला आणि कोलमन अक्षरशः बरोबर ठरले. १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी लेप्टिन न बनणारी दोन चुलत भावंडं शोधली: आठ वर्षांची मुलगी ८६ किलोंची, दोन वर्षांचा मुलगा २९ किलोंचा. त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली तशी भूक आवरली आणि वजन उतरत गेलं.

त्यावेळी सगळ्यांना वाटलं, औषध सापडलं. पण स्थूल व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन कमी नसतं, भरपूर असतं. त्यांना आणखी दिलं तर फारसा फरक पडत नाही. लेप्टिनला "तृप्तीचं संप्रेरक" म्हणणं मी म्हणूनच टाळते. ते साठ्याची हजेरी लावतं. हजेरी पूर्ण असेल तर मेंदू तिकडे बघतही नाही, पण ती घटली की खडबडून जागा होतो. वजन १४ किलोंनी उतरून चरबी घटली की मेंदूपर्यंत पोचते ती "छान झालं" ही बातमी नव्हे, तर "साठा लुटला जातोय" ही. एजीआरपी पेशी चेतवल्या जातात, पीओएमसी पेशी मंदावतात, टीआरएच कमी सुटतं, थायरॉइडची आच किंचित उतरते, स्नायू तेवढंच काम कमी ऊर्जेत उरकतात. वजन उतरलेल्या पुष्कळ जणांना थंडी पूर्वीपेक्षा जास्त वाजते ती यामुळेही. तुम्हालाही वाजत असेल तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

जेवणाची खबर पोट आणि आतडी देतात. १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी जठरातून घ्रेलिन शोधलं. २८ अमिनो आम्लांच्या या साखळीला एक मेदाम्ल चिकटलेलं असावं लागतं, नाहीतर तिचा ग्राही तिला ओळखत नाही. जेवणाआधी ते वाढतं, जेवणानंतर उतरतं. जेवणाची वेळ टळली की "भूक मेली" असं आपण म्हणतो, ते शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. उपवासावर असलेल्या माणसांतसुद्धा नेहमीच्या जेवणाच्या वेळेला घ्रेलिन चढतं आणि न खाताही आपोआप उतरतं. वेळ घड्याळाशी बांधलेली आहे. लहान आतड्याच्या सुरुवातीला स्निग्ध आणि प्रथिनयुक्त अन्न पोचलं की कोलेसिस्टोकायनिन सुटतं. ते पित्ताशय आकुंचित करतं, जठराचं रिकामं होणं लांबवतं आणि व्हेगस नसेच्या टोकांवरच्या ग्राहीतून मेंदूला "आता थांब" म्हणतं. आतड्याच्या शेवटाकडून पीवायवाय आणि जीएलपी-१ ही तृप्तीची पेप्टाइडं येतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एकच बटण का नाही?

न्यूरोपेप्टाइड वाय मेंदूत टोचलं की प्राणी भरमसाट खातो, हे १९८४ पासून ठाऊक आहे. मग १९९६ मध्ये ते मुळीच न बनवणारे उंदीर तयार केले गेले. ते जवळजवळ नेहमीसारखेच खात राहिले. त्याचा वाय-५ ग्राही अडवणारी गोळी सोळाशेवर माणसांना वर्षभर दिली गेली आणि बिनकामाच्या गोळीशी तुलना करता वजनातला फरक जेमतेम एक-दोन किलोंचा निघाला. घ्रेलिन नसलेले उंदीरही नेहमीइतकंच खातात. फक्त त्यांना दिवसचे दिवस अगदी थोड्या अन्नावर ठेवलं तर रक्तातली साखर टिकवणं त्यांना जड जातं. भूक शमवतं म्हणून १९७३ पासून माहीत असलेलं कोलेसिस्टोकायनिन प्रत्येक जेवणाआधी टोचलं तर उंदीर प्रत्येक वेळी कमी खातात, पण जेवणांची संख्या वाढवून हिशेब पुरा करतात. उपासमारीत प्राण वाचवणारी ही व्यवस्था एका दोरीवर टांगलेली असती तर ती एवढी टिकलीच नसती. एक रस्ता बंद झाला की दुसरा वाहू लागतो.

मग हल्लीची इंजेक्शनं कशी चालतात? जीएलपी-१ आतड्यातून सुटल्यावर साधारण दोन मिनिटांत अर्धं नष्ट होतं, कारण डीपीपी-४ नावाचं विकर त्याचं टोक तोडतं. १९९२ साली जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात त्याच्यासारखंच, पण या विकराला दाद न देणारं पेप्टाइड सापडलं. त्यातून २००५ मध्ये मधुमेहासाठी या जातीचं पहिलं औषध आलं. पुढे सेमाग्लुटाइडसारखे रेणू घडवले गेले जे आठवडाभर रक्तात राहतात. म्हणजे जो निरोप जेवणानंतर क्षणभर यायचा तो आता सात दिवस अखंड येत राहतो, तोही शरीराच्या नेहमीच्या पातळीपेक्षा कितीतरी चढ्या आवाजात, आणि हायपोथॅलॅमस व मेंदूचा मागचा भाग अशा दोन्हीकडच्या ग्राहींवर. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. जीएलपी-१ आणि जीआयपी (आतड्यातलंच आणखी एक पेप्टाइड) या दोन्हींच्या ग्राहींवर काम करणाऱ्या टिर्झेपेटाइडने सर्वांत मोठ्या मात्रेत ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के उतरवलं. हे औषध घेणारे रुग्ण मला सांगतात, "डोक्यात सारखं चालू असलेलं खाण्याचं बोलणं थांबलं." माझ्या कानांना हे वाक्य दरवेळी नवं वाटतं.

पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं, हेही त्याच चाचणीच्या पुढच्या भागात दिसलं. इतकं सगळं वाचल्यावर तुम्हाला याचं कारण मी सांगायला नको. रक्तदाबाची गोळी बंद केली की दाब चढतो, त्यातलाच हा प्रकार आहे. त्याला रुग्णाची चूक म्हणणं मला मान्य नाही.

धोक्याबद्दल. तुमची शंका योग्य आहे, कारण भुकेसाठी वेगळं राखून ठेवलेलं असं शरीरात काहीच नाही. ऑरेक्सिनची गोष्ट बघा. १९९८ मध्ये दोन गटांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. एका गटाने भूक वाढवतं म्हणून ग्रीकमधल्या भुकेच्या शब्दावरून नाव ठेवलं. दोन वर्षांत उमगलं की त्याचं मुख्य काम जागं ठेवण्याचं आहे. ज्यांच्या मेंदूतल्या ऑरेक्सिन पेशी नष्ट होतात त्यांना नार्कोलेप्सी होते, बोलता बोलता झोप लागते. आज त्याचे ग्राही अडवणाऱ्या गोळ्या निद्रानाशावर वापरल्या जातात. जाग आणि भूक यांची गाठ निसर्गाने मुद्दाम मारली आहे: उपाशी प्राणी झोपून राहिला तर अन्न कोण शोधणार? लेप्टिन फार घटलं की पाळीचं चक्र चालवणाऱ्या मेंदूतल्या किसपेप्टिन पेशी मंदावतात आणि पाळी थांबते. हाडकुळ्या होईपर्यंत व्यायाम करणाऱ्या मुलींत हे मी अनेकदा पाहिलं आहे, आणि त्यांच्यावरचा उपचार गोळी नसून पुरेसं अन्न हाच असतो.

म्हणून ग्राहीला हात लावला की तो जिथे जिथे आहे तिथे तिथे परिणाम दिसतो. पीओएमसीमध्ये किंवा लेप्टिनच्या ग्राहीत जन्मजात दोष असलेल्यांसाठी २०२० साली मान्यता मिळालेलं सेटमेलॅनोटाइड एमसी-४ चालू करतं आणि भूक खरोखर आवरतं, पण थोडं एमसी-१ लाही लागतं म्हणून त्वचा काळवंडते. जीएलपी-१ च्या औषधांत मळमळ होते, कारण मेंदूच्या मागच्या भागात जिथे रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत विरळ आहे, नेमकं त्या उलटीशी संबंधित जागीही हे ग्राही दाट आहेत. मात्रा हळूहळू वाढवली तर बहुतेकांना ती सोसते. पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, आणि वजनाबरोबर स्नायूही झिजतात. थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकारच्या कर्करोगाचा इतिहास स्वतःत किंवा घरात असेल तर ही औषधं देत नाहीत. गर्भधारणेचा विचार असेल तर आधी थांबवावी लागतात.

तुमच्यासाठी मी काय करीन ते सांगते. तुम्ही दोन वर्षं वजन टिकवलं आहे, म्हणजे तुमचा मेंदू रोज विरुद्ध बाजूला ओढत असताना तुम्ही पाय रोवून उभे आहात. ही साधी गोष्ट नाही. जेवणाच्या वेळा बदलत्या असतील तर त्या ठरवून घ्या, कारण घ्रेलिन सवयीच्या वेळा पाळतं. प्रत्येक जेवणात प्रथिनं पुरेशी असू द्या. त्यांनी पीवायवाय जास्त सुटतं. आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा, नुसतं चालणं पुरत नाही. झोपेकडे मात्र सगळ्यात आधी बघा. २००४ सालच्या एका छोट्या अभ्यासात निरोगी तरुणांना दोनच रात्री चार-चार तास झोपू दिलं, तर लेप्टिन १८ टक्के घटलं आणि घ्रेलिन २८ टक्के वाढलं, भूकही वाढली. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करून घ्या.

एवढं करूनही खाण्याचे विचार दिवस पोखरत असतील किंवा वजन चढू लागलं असेल, तर औषधाचा विषय तुमच्या डॉक्टरांकडे निःसंकोच काढा. त्यांना तीन गोष्टी सांगा: घरात थायरॉइडचा कर्करोग कुणाला झाला होता का, पित्ताचे खडे किंवा स्वादुपिंडाचा त्रास पूर्वी झाला आहे का, आणि तुमची स्थूलता वयाच्या पाचव्या वर्षाआधीच, न शमणाऱ्या भुकेसह आलेली होती का. शेवटच्याचं उत्तर "हो" असेल तर जनुकीय तपासणीला अर्थ आहे. रक्तातलं लेप्टिन मोजायचा आग्रह मात्र धरू नका. तुमच्या बाबतीत तो आकडा पूर्वीपेक्षा कमीच येईल, आणि तो कमी का आला हे आता तुम्हाला माहीत आहे.